गालाला कळणारी ओल

गल्लीतली झाडून सगळी माणसं त्यांना दाजी म्हणतात. सलूनवाला म्हणतो, बेकरीवाल्या बाई म्हणतात, आणि बेकरीवाल्या बाईंचे सासरे, जे दाजींपेक्षा चांगले बारा वर्षांनी मोठे आहेत, तेही म्हणतात. आता सबंध गल्लीने आपापली बहीण एकाच लाँड्रीवाल्याला दिली असेल, असं काही नाही. ही हाक मुळात एकाच माणसाची. दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ कारखान्यात कामाला होता आणि जाता-येता रस्त्याच्या पलीकडूनच "दाजीऽऽ" अशी हाळी द्यायचा. त्यात शेवटचा 'जी' इतका लांबायचा की मधून एखादी सायकल आरामात निघून जावी. ऐकून ऐकून गल्लीने ती हाक उचलली. त्याच्या बहिणीला तो ताई म्हणायचा, म्हणून तीही गल्लीची ताई झाली.

हाक मारणारा जाऊन एकोणीस वर्षं झाली. हाक तेवढी राहिली. दिवसातून तीस-चाळीस वेळा ती कुणाच्या ना कुणाच्या तोंडून येते, आणि दर वेळी दाजी मान वर करताना आधी रस्त्याच्या पलीकडे बघतात, मग हाक मारणाऱ्याकडे. सलूनवाला म्हणतो, दाजींना तिरळं दिसायला लागलंय.

लाँड्री म्हणजे पुढे एक खोली, मागे एक अंगण. खोलीत आठ फुटी इस्त्रीचं टेबल. त्यावर घोंगडी, घोंगडीवर चादर, चादरीच्या कोपऱ्यात इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. हा डाग दाजींच्या लग्न ठरल्याच्या दिवशीचा. चादर बदलली तरी दाजी डागाचा तुकडा कापून नव्या चादरीला शिवून घेतात. भिंतीला कपाट, दारात हँगरची दांडी. अंगणात धुण्याचे दोन हौद आणि सात तारा. अंगणाच्या भिंतीपलीकडे बंद कारखान्याची जागा. शेड केव्हाच पाडल्या, मात्र अर्धी मोडलेली चिमणी अजून उभी आहे. दुपार कलली की तिची सावली भिंत ओलांडून तारांवरच्या कपड्यांवर येते आणि एकेका सदऱ्यावरून सरकत जाते. ताई तेवढ्या वेळात अंगणात जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, "ऊन नसतं तिथे. काय करू जाऊन?"

कारखाना गेला, पण त्याचं वेळापत्रक गल्लीच्या अंगातून गेलं नाही. दुसऱ्या पाळीचा भोंगा दोनला व्हायचा आणि तो अचानक, दणकून व्हायचा. तेव्हा सलूनवाल्याने सवय लावून घेतली होती: दोनला दोन मिनिटं कमी असताना वस्तरा गिऱ्हाईकाच्या गळ्यावरून उचलायचा, कारण भोंग्याने दचकून हात हलला तर गिऱ्हाईक कायमचं तुटायचं. आजही दोनला दोन कमी असताना त्याचा वस्तरा हवेत जातो. नवीन गिऱ्हाईक अर्ध्या गालाच्या फेसासकट विचारतं, "काय झालं?" तो म्हणतो, "काही नाही, जाऊ दे." काय जाऊ द्यायचं, ते गिऱ्हाईकाला कळत नाही. बेकरीवाल्या बाई त्याच वेळी भट्टीचं दार लावून घेतात. दाजी इस्त्री उभी करून ठेवतात. मग सगळी गल्ली मिनिटभर कान देऊन, न होणारा भोंगा ऐकते, आणि पुन्हा कामाला लागते.

दाजींच्या लाँड्रीबद्दल गल्लीत एक जुनी चेष्टा आहे. "दाजींकडून कपडे आणले की घरी वाळत घालायचे." दाजींचे कपडे स्वच्छ असतात, घडी अशी की धारेने कांदा चिरावा, पण बऱ्याचदा किंचित दमट. मेडिकलवाला एकदा दमट शर्ट घालून लग्नाला गेला आणि शिंकत परत आला, तेव्हापासून तो म्हणतो, "दाजी माझ्याच दुकानाचा माल खपवतात." दाजी हसतात. तारेवरून कपडा काढताना वळून बघत नाहीत, हात लावून तपासत नाहीत. मागितला की देतात. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा ओला वाटतोय का हो?" तर म्हणतात, "न्या, न्या, अंगावर वाळेल."

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी दाजी दिल्या जाणाऱ्या प्रत्येक कपड्याची कॉलर गालाला लावून बघायचे. इस्त्रीवाल्याचे तळवे भाजून भाजून निबर झालेले असतात. हाताला ओल कळत नाही, गालाला कळते. गालाने नाही म्हटलं की कपडा पुन्हा तारेवर. मग समोर कलेक्टर उभा असो. हे जुन्या लोकांना आठवतं. दाजींचं वय झालं, घाई वाढली, असं ते म्हणतात. वय झालं हे खरं. घाईचं कारण निराळं आहे.

तर यंदा त्या मोकळ्या जागेवर नवा कारखाना यायचं घाटत होतं, आणि आसपासच्या दुकानदारांचं मत मागायला कंपनीचा एक माणूस आला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, आणि बोलणं इतकं अदबीचं की सलूनवाल्याने त्याला न कापताच कंगवा फिरवून दिला. प्रत्येक दुकानाला एक फॉर्म. त्यात तीन चौकोन: अनुकूल, प्रतिकूल, मत नाही. खाली 'इतर सूचना' म्हणून चार रेघा.

फॉर्म भरायला सपाट जागा हवी, आणि गल्लीत सपाट जागा एकच, इस्त्रीचं टेबल. त्यामुळे आठवडाभर सगळ्या गल्लीची मतं दाजींच्या घोंगडीवर भरली गेली.

सलूनवाल्याने 'अनुकूल'वर अशी फुली मारली की कागद फाटला. "तीनशे माणसं म्हणजे तीनशे डोकी," तो म्हणाला. "आत्ता या गल्लीत जी डोकी आहेत, त्यातली निम्मी टकली आहेत. मी जगायचं कसं?"

"आणि धूर?" बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. "पूर्वी ट्रे बाहेर ठेवला की पावावर काळे कण बसायचे. लोक विचारायचे, तीळ लावलेत का."

"तिळाचे म्हणून जास्त भावाने विकलेत तुम्ही ते."

"विकले. पण मनाला बरं वाटलं नाही." बाईंनी 'प्रतिकूल'वर फुली मारली आणि खालच्या चारही रेघा भरून, समासात वळून, मागच्या पानावरही लिहिलं.

मेडिकलवाला बराच वेळ पेन चावत बसला. "माझी पंचाईत आहे," तो म्हणाला. "कारखाना आला तर खोकला येणार, म्हणजे दुकानदार म्हणून मी बाजूचा. पण तो खोकला माझ्या घरातही येणार, म्हणजे माणूस म्हणून विरोधातला."

"मग दोन फॉर्म भरा," सलूनवाला म्हणाला.

त्याने खरंच दोन चौकोनांत फुल्या मारल्या आणि वर लिहिलं, 'दोन्ही मनापासून'.

दाजींचा फॉर्म मात्र कोरा राहिला. "बघतो," ते म्हणाले.

दाजींना बघण्यासारखं पुष्कळ होतं. लोकांच्या घरोघरी मशीन आलं तसे हौद कोरडे पडत चालले होते. सातातल्या चार तारा रिकाम्या. परगावचा मुलगा दर रविवारी फोनवर एकच सांगायचा, "बाबा, बंद करा आता. दोघं इकडे या." दाजी म्हणायचे, "बघतो." दुकान बंद करायचं म्हणजे कपाट रिकामं करायचं, आणि ते त्यांना जमणारं नव्हतं. पण उन्हाळ्यापर्यंत काही मोठं काम मिळालं नाही तर बंद करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि काम फाईलवाल्याच्या पिशवीतच होतं. तिसऱ्या खेपेला त्याने टेबलावर तीन निळे बॉयलर सूट ठेवले, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध. "आमच्या दुसऱ्या कारखान्यातले आहेत. नमुन्याला धुऊन द्या. साहेबांना पसंत पडले तर इथले सगळे तुमच्याकडे. आठवड्याला तीनशे." मग जरा थांबून म्हणाला, "याचा आणि फॉर्मचा काही संबंध नाही हं, दाजी. अजिबात संबंध नाही."

दोनदा सांगितलं, म्हणून दाजींच्या लक्षात आलं की संबंध आहे. पण त्यांना टोचलं ते दुसरंच. या पोरालाही तीन खेपांत हाक लागली होती.

त्या संध्याकाळी दाजींनी सूट भिजवायला घेण्याआधी खुणा केल्या. लाँड्रीत प्रत्येक गिऱ्हाईकाची एक खूण असते. न जाणाऱ्या शाईने ती कॉलरच्या आत करायची, म्हणजे हौदात एकमेकांत गेले तरी कपडे सापडतात. सलूनवाल्याच्या दोन तिरप्या रेघा, मेडिकलवाल्याची फुली, बेकरीचा चौकोन. दाजींना माणसांची नावं विसरायला होतात, खुणा होत नाहीत. हात आपोआप जातो. त्यांनी पहिल्या सुटावर एक नवी खूण केली, दुसऱ्यावर तीच केली, आणि तिसऱ्याच्या वेळी समोरून कुणीतरी "दाजी" म्हणालं. सलूनवालाच होता, काडेपेटी मागत होता. दाजींनी मान वर केली, पलीकडे बघितलं, काडेपेटी दिली, आणि वळून तिसऱ्या कॉलरवर खूण केली.

गोल, आणि गोलाखाली तीन रेघा.

शाई कापडात उतरेपर्यंत ते बघत राहिले. ही खूण त्यांच्या हाताने एकोणीस वर्षांत केली नव्हती. गोल म्हणजे कारखाना, तीन रेघा म्हणजे धाकटा मेहुणा. पुसायचा प्रश्नच नव्हता. न पुसण्यासाठीच ती शाई असते. त्यांनी तीनही सूट हौदात टाकले आणि पाण्यात हात तसेच ठेवून उभे राहिले.

एकोणीस वर्षांपूर्वी, त्या शेवटच्या दिवशी, धाकटा सकाळी साडेपाचला आला होता. मळका सूट पिशवीत आणि धुतलेला दुसरा न्यायचा. मळक्या कपड्यात मुकादम गेटच्या आत घेत नसे.

"द्या लवकर, दाजी. सहाचा भोंगा व्हायला आला."

दाजींनी सूट तारेवरून काढून कॉलर गालाला लावली. सगळा सूट कोरडा ठणठणीत होता. फक्त कॉलरच्या शिवणीत, दोन बोटं जागेत, ओल होती.

"ओला आहे."

"अहो, अंगावर वाळेल. भट्टीशेजारी उभा असतो मी. तिथे मीच वाळतो."

"ओलं कापड या दारातून बाहेर जात नाही."

"मेहुण्याचंसुद्धा?"

"मेहुण्याचं तर मुळीच नाही. उद्या तूच गावभर सांगशील."

धाकटा हसला होता. "बरं. मग दुसऱ्या पाळीला जातो. तुमच्या कॉलरसाठी कंपनीचं वेळापत्रक बदलतो." कुणाशी तरी पाळी बदलून घेतली, दीडला परत आला, इस्त्रीचा गरम सूट तिथेच चढवला. "हं, आता भट्टीत गेलो तरी फरक कळायचा नाही," म्हणाला. मळका सूट टेबलावर टाकून "हा उद्या नेतो" म्हणाला आणि गेला. दोनला भोंगा झाला. चार वाजून दहा मिनिटांनी टाकी फुटली. दुसऱ्या पाळीचे पाच जण गेले. पहिल्या पाळीचे सगळे तोवर घरी पोचून चहा पीत होते.

तो 'उद्या नेतो' म्हणून ठेवलेला सूट दाजींनी धुतला. वाळवला. अजून कपाटात आहे. दर सोमवारी ते त्याला इस्त्री करतात, आणि एकोणीस वर्षं धुतलेल्या त्या कापडातून, वाफ लागली की, मशीनच्या तेलाचा वास येतो. नाकाला भास होतो म्हणावं, तर एकदा बेकरीवाल्या बाईही दारातून म्हणाल्या होत्या, "तेलकट काय जळतंय हो?"

ओल्या कॉलरचं दाजींनी कुणालाही सांगितलं नाही. ताईंना तर नाहीच. समाचाराला आलेल्यांना ताई इतकंच सांगायच्या, "पाळी बदलली होती त्याने." का बदलली, ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून दाजी समजले की त्यांना ठाऊक नाही. त्या दिवसापासून दाजींनी कपडा गालाला लावला नाही. 'ओला आहे' हे दोन शब्द त्या दुकानात कुणी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. लाँड्रीवाल्याने हे दोन शब्द टाकून धंदा करणं म्हणजे काय, याची कल्पना गल्लीला असती, तर मेडिकलवाल्याने ती शिंकेची गोष्ट इतक्यांदा सांगितली नसती.

घड्या घालायचं आणि बटणं बघायचं काम ताईंचं. दुसऱ्या दिवशी सूट वाळले, संध्याकाळी इस्त्री झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ताई घड्या घालायला बसल्या. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याची कॉलर उलटताना त्यांचा हात थांबला.

दाजी पाठमोरे होते, तरी त्यांना ते कळलं. ताईंची बांगडी टेबलावर एका ठेक्यात वाजत असते. ती वाजायची राहिली.

"चुकून झालं," दाजी म्हणाले.

ताई उठल्या, कपाट उघडलं, तिसरा सूट जुन्या सुटाशेजारी अडकवला, आणि दार लावून घेतलं. आत दोन निळी माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

फाईलवाला एकच्या पुढे आला. "झालं का, दाजी?"

दाजींनी दोन घड्या पुढे केल्या.

"तीन होते ना?"

"तिसरा द्यायचा नाही," ताई म्हणाल्या.

"का? फाटला का? फाटला तरी चालेल, नमुनाच आहे."

ताईंनी कपाट उघडलं. सूट काढला, त्याची कॉलर हळूच गालाला लावली, आणि डोळे मिटून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

"ओला आहे," त्या म्हणाल्या.

दाजींच्या हातातली इस्त्री टेबलावर टेकली ती टेकलीच. चादरीतून धूर यायला लागला तेव्हा त्यांनी ती उचलली. लग्नाच्या डागाशेजारी दुसरा डाग पडला होता.

फाईलवाल्याने अदबीने हात पुढे करून बाही चाचपली. "ताई, कडकडीत कोरडा आहे हा."

"हाताला नाही कळत."

"पण मला हिशोबाला तीन—"

"ओलं कापड या दारातून बाहेर जात नाही," ताई म्हणाल्या. आवाज चढला नाही. जुनं पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाल्या.

फाईलवाल्याने दाजींकडे पाहिलं. घरोघरच्या नवऱ्यांकडे अशा वेळी पाहतात तसं, काहीतरी तोडगा काढा म्हणून. दाजींनी टेबलाखालून फॉर्म काढला. पेन सलूनवाल्याचं होतं, तिथेच विसरलेलं.

"तुमच्या कारखान्यात दुसरी पाळी असेल?" त्यांनी विचारलं.

"तीन पाळ्या असतील. पण दाजी, हे तंत्रज्ञान निराळं आहे. तसल्या टाक्याच नाहीत आता. नव्व्याण्णव टक्के सुरक्षित."

"म्हणजे सगळा कोरडा आहे."

"काय?"

"आणि एका शिवणीत ओल आहे." दाजींनी 'प्रतिकूल'च्या चौकोनात फुली मारली. कारखान्याची खूण म्हणून फुलीभोवती गोल काढायला हात गेला होता, तो नाही काढला.

पोरगा वाईट माणूस नव्हता. "तुमच्या एकट्याच्या फुलीने काही थांबणार नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि धुलाईचं मग माझ्या हातात राहणार नाही."

"ठाऊक आहे."

"मग कशाला?"

"मला विचारलंत म्हणून."

त्याने फॉर्म फाईलमध्ये घातला, दोन सूट पिशवीत टाकले. दारातून वळून म्हणाला, "तो राहू द्या तुमच्याकडे. एक हरवला म्हणून लिहितो." आणि निघाला. तो रस्ता ओलांडून जाईपर्यंत दाजी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. पाठ तरुण होती, घाईत होती.

आता दुकान उन्हाळ्यात बंद होणार, हे दोघांनाही बोलल्यावाचून कळलं.

"तुला कधीपासून ठाऊक?" दाजींनी विचारलं.

"त्याच दिवसापासून. घरी येऊन सांगितलं त्याने. तुमची नक्कल करून दाखवली. गालाला सूट लावून, डोळे मिटून." ताई सुटाची बाही सरळ करत होत्या. "ओलं कापड या दारातून बाहेर जात नाही. पोट धरून हसलो आम्ही दोघं."

दाजी ताईंकडे वळले. "मग बोलली का नाहीस? एकोणीस वर्षं मला वाटत होतं—"

"काय बोलू? मला पहिली पाळी कळते, दुसरी कळते; पहिलीला गेला असता तर वाचला असता, तेही कळतं. पण तो कधी दुपारी घरी जेवत नव्हता. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मित्रांत. त्या दिवशी माझ्यासमोर बसून जेवला. दोनदा वाढून घेतलं." बाही सरळ झाली होती, तरी त्या हात फिरवत राहिल्या. "मी म्हटलं, बरं झालं ओला राहिला."

बाहेर बेकरीच्या भट्टीचं दार लागल्याचा आवाज आला. सलूनमधला रेडिओ बारीक झाला. दाजींनी इस्त्री उभी करून ठेवली. दोनला दोन कमी होते.

"तसंच म्हटलं," ताई म्हणाल्या. "याच शब्दांत."

एवढी वर्षं जे एकट्याचं म्हणून सांभाळलं, त्याचा दुसरा अर्धा भाग याच घरात, याच घड्यांमध्ये, रोज आपल्या शेजारी बसून होता, हे अजून दाजींच्या डोक्यात मावत नव्हतं. त्यांनी फक्त हात पुढे केला. ताईंनी सूट दिला. दाजींनी कॉलर गालाला लावली.

एकोणीस वर्षांनी गालाला कापड लागलं. इस्त्री होऊन रात्र उलटली होती, अंगण उन्हाने तापलेलं होतं, आणि शिवणीत दोन बोटं जागेत गार लागत होतं.

सबंध गल्ली कान देऊन उभी होती. भोंगा झाला नाही.

"दाजीऽऽ."

हाक रस्त्याच्या पलीकडून आली. शेवटचा 'जी' लांब, मधून सायकल जाईल एवढा. दोघांनीही एकदम मान वर केली.

पलीकडे सलूनवाला दारात उभा होता, वस्तरा हवेत, मागे खुर्चीत अर्ध्या गालाच्या फेसाचं गिऱ्हाईक.

"पेन राहिलं का हो माझं तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"राहिलंय," दाजी म्हणाले. पण ते त्याच्याकडे बघत नव्हते, आणि ताईही बघत नव्हत्या. दोघांची नजर सलूनच्या जरा डावीकडे होती, जिथून रस्ता कारखान्याच्या गेटाकडे वळतो, आणि जिथे त्या वेळी कुणीच नव्हतं.